चौदा दिवसांच्या गोळ्या

(आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी दोघी-तिघी माझ्याभोवती जमल्या होत्या. एकीनं विचारलं, "आपा, बाहेरच्या देशात मेडिकल कॅम्पला जायचं असेल तर काय करावं लागतं? सर्टिफिकेट मिळतं ना?"

मिळतं. माझंही आहे. अम्मीनं ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय. मी दोन दिवस गोरगरिबांची निःस्वार्थ सेवा केली, असं त्यावर छापलंय. त्या दोन दिवसांत प्रत्यक्षात काय झालं आणि नंतर काय झालं, ते आज तुम्हाला सांगते. इथं एमबीबीएसचे विद्यार्थी आहेत, युनानीचे आहेत, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपीचेही आहेत. तुमच्यातले काही जण उद्या नेपाळला, आफ्रिकेला नाहीतर आपल्याच देशातल्या एखाद्या पाड्यावर जातील. जाण्याआधी हे कानावर असलेलं बरं.

मी मिरजेची. घरी दखनी, शाळेत आणि बाहेर मराठी. अब्बा तंतुवाद्यांच्या कारखान्यात कारागीर आहेत. प्रवेश परीक्षेत मार्क बरे होते, पण सरकारी जागा मिळेल इतके नव्हते. इथल्या खासगी कॉलेजची फी ऐकून अब्बा दोन दिवस गप्प होते. मग कुणीतरी बांगलादेशचं सुचवलं. कर्ज काढलं, अम्मीचे दागिने गेले आणि २०१६ च्या सुरुवातीला मी उत्तर बांगलादेशातल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात दाखल झाले. भारतातली बरीच मुलं-मुली तिथं शिकतात, काश्मीरची तर खूप.

पहिली दोन वर्षं इंग्रजी पुस्तकांवर निभली. वॉर्डात जायची वेळ आली आणि कळलं की बंगाली आल्याशिवाय पेशंटशी एक वाक्य बोलता येणार नाही. माझी दखनी तिथं फारशी उपयोगी पडेना. मराठीच जास्त कामाला आली. त्यांचं पानी म्हणजे आपलं पाणी. डोकं म्हणजे माथा, पोट म्हणजे पेट, औषधाला ओषुध, दुखण्याला ब्यथा. मला वाटलं, आपल्याला भाषा आली. हे वाटणंच पुढं नडलं.

फेब्रुवारी २०१९. मी चौथ्या वर्षाला होते. कॉलेजच्या मुलांनी आणि एका सेवाभावी गटानं मिळून कुडिग्राम जिल्ह्यात चरावर दोन दिवसांचं आरोग्य शिबिर ठरवलं. आपल्याकडे चर म्हणजे खणलेली नाली. तिकडे चर म्हणजे नदीनं गाळ टाकून पात्रात उभं केलेलं बेट. ब्रह्मपुत्रा एका पावसाळ्यात असं बेट घालते आणि दुसऱ्या पावसाळ्यात खाऊन टाकते. तिथली माणसं पत्र्याची, तागाच्या काड्यांची घरं बांधतात. नदी जवळ आली की घर सोडवायचं, नावेत घालायचं आणि दुसऱ्या चरावर पुन्हा उभं करायचं. आयुष्यात आठ-दहा वेळा घर हलवलेली माणसं मी तिथं पाहिली.

चिलमारीच्या घाटावरून आम्ही डिझेल इंजिनच्या नावेत बसलो. चौदा विद्यार्थी, तीन डॉक्टर, औषधांची खोकी, एक बॅनर, सगळ्यांना सारखे टी-शर्ट. गाणी म्हणत गेलो. दीड तासानं उतरलो आणि अर्धा तास वाळू तुडवली. मदरशाच्या अंगणात टेबलं मांडली. सकाळी नऊपासून रांग लागली होती, अंगणातून पार मक्याच्या शेतापर्यंत.

दोन दिवसांत सातशेच्या आसपास माणसं आली. तीन डॉक्टरांत वाटली तर एकाच्या वाट्याला कशीबशी तीन मिनिटं. बायका यायच्या आणि म्हणायच्या, "माथा घोरे, दुर्बल लागे." डोकं गरगरतं, अशक्तपणा वाटतो. बरेच जण नुसतं 'गॅस्ट्रिक' म्हणायचे, त्यांना पित्ताची गोळी मिळायची. तापाला तापाची, अशक्तपणाला लोहाची. माझं काम औषधाच्या टेबलावर. डॉक्टरांची चिठ्ठी बघून गोळ्या द्यायच्या आणि कशा घ्यायच्या ते सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साठीच्या एक खाला आल्या. तिकडे मोठ्या बाईला आपल्यासारखंच खाला म्हणतात. रक्तदाब १९० वर ११०. डॉक्टरांनी अम्लोडिपिन लिहून दिलं, रोज एक. आमच्याकडे साठा कमी, म्हणून प्रत्येकाला चौदा गोळ्या द्यायच्या असं ठरलं होतं. मी चौदा गोळ्यांची पट्टी हातात दिली आणि बंगालीत म्हटलं, चौदा दिवसांचं औषध आहे, रोज एक घ्या, संपलं की उपजिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जा. हे औषध आयुष्यभर घ्यावं लागतं, हे मी सांगितलं का? मला वाटतं, सांगितलं. पण मागं चाळीस माणसं उभी होती, माझी बंगाली पुस्तकी होती आणि त्यांची बोली वेगळी होती. त्यांना काय समजलं, हे मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, दुआ दिली. मैत्रिणीनं तेवढ्यात फोटो काढला. संध्याकाळी तो मी टाकला. खूप लोकांनी पाहिला, 'माशाअल्लाह' लिहिलं, मिरजेहून अम्मीचा फोन आला, मोहल्ल्यात कौतुक झालं.

त्याच शिबिरातली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सहा-सात वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर मोठं गळू झालं होतं. ते कापून पू काढायचा होता. एका डॉक्टरांनी माझ्या वर्गमित्राला सांगितलं, "तू कर, हात बसेल." त्यानं त्याआधी हे फक्त लांबून पाहिलं होतं. बधिर करायचं इंजेक्शन नीट लागलं नाही. मूल ओरडत होतं आणि मी त्याचे हात धरून उभी होते. नंतर मी त्या मित्राला विचारलं, "कॉलेजच्या ओपीडीत तू हे केलं असतंस?" तो म्हणाला, "तिथं कोण करू देतंय? इथं चालतं."

इथं चालतं. हे दोन शब्द नीट ऐका. इथं का चालतं? कारण त्या मुलाचा बाप तक्रार करणार नाही. त्याला वाटतं शहरातून डॉक्टर आलेत, उपकार झाले. माझ्या अब्बांसमोर, मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात, चौथ्या वर्षाच्या पोरानं माझ्या भावाच्या मांडीवर असा हात बसवला असता का? नसता. मग चरावरच्या पोराची मांडी स्वस्त कशी झाली? त्या मित्राला मी एकटा दोष देत नाही. मी हात धरून उभी होते आणि गप्प होते.

त्या वेळी मला यातलं काही फार लागलं नाही. लागलं ते त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आणि तेही मिरजेहून आलेल्या फोननं.

ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर तुम्हाला आठवत असेल. माझी फुफी सांगलीत राहते. घरात पाणी शिरलं, तिला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं आणि मिरजेतल्या एका शाळेत ठेवलं. फुफीला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. ते घरच्या फ्रिजमध्ये पाण्याखाली गेलं. अम्मी मला फोनवर सांगत होती, "अगं, डॉक्टर लोक येतायत, रोज कुणी ना कुणी येतंय. फुफीकडे एकाच गोळीच्या पाच पट्ट्या झाल्यात. पण सुईचं औषध कुणाकडेच नाही. विचारलं की म्हणतात, पुढचे येतील त्यांना सांगा."

पाच शिबिरं आली होती. पाचही जणांनी पुरानंतर देतात ती डॉक्सिसायक्लिनची पट्टी दिली, पाचही ठिकाणी बॅनर होता, पाचही ठिकाणी फोटो निघाला. आलेल्या सगळ्यांची नियत चांगली होती, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण एकानंही आधीच्यानं काय दिलं हे पाहिलं नाही, कारण आधीच्यानं काही लिहून ठेवलं नव्हतं. शेवटी तिथल्या आशाताईनं कुठून तरी इन्सुलिन मिळवलं. तिला गाव माहीत होतं, कुठल्या घरात कोण आजारी आहे हे माहीत होतं. ती पुराच्या आधीही तिथं होती आणि नंतरही राहणार होती.

फोन ठेवल्यावर मला चरावरची रांग दिसायला लागली. पहिल्यांदा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं ती पाहत होते.

नोव्हेंबरमध्ये सुट्टी मिळाली तशी एका बंगाली मैत्रिणीला घेऊन मी पुन्हा त्या चरावर गेले. टी-शर्ट नाही, खोकी नाहीत. शेजारच्या चरावर सरकारी कम्युनिटी क्लिनिक आहे. बांगलादेशात ग्रामीण भागात साधारण सहा हजार माणसांमागे असं एक क्लिनिक असावं अशी योजना आहे. दोन खोल्या, थोडी औषधं आणि बहुतेक ठिकाणी त्याच भागातली एक प्रशिक्षित बाई. तिथल्या आपांना आम्ही फेब्रुवारीत भेटलोही नव्हतो. आमच्या शिबिराच्या दिवशी त्या गर्दीत बाजूला उभ्या होत्या म्हणे. कुणी त्यांना खुर्ची दिली नाही.

मी फोटो दाखवून खालांची चौकशी केली. त्या आम्हाला घरी घेऊन गेल्या. खाला खाटेवर होत्या. जूनमध्ये झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. सुनेनं ट्रंकेतून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात ती रिकामी पट्टी होती. चौदाच्या चौदा गोळ्या वेळेवर घेतलेल्या. सून म्हणाली, "डॉक्टर आपांनी चौदा दिवसांचं औषध सांगितलं होतं, ते पूर्ण केलं. डोकं गरगरायचं थांबलं होतं. तुम्ही परत आलात की दाखवायला पट्टी ठेवली होती."

आता मी डॉक्टर आहे. गोळ्या चालू राहिल्या असत्या तर झटका आलाच नसता, असं छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. पण एवढा रक्तदाब उपचाराविना राहिला तर झटक्याचा धोका वाढतो आणि रोजची गोळी तो धोका पुष्कळ कमी करते, हे तुम्हालाही माहीत आहे. मी त्या बाईला औषध दिलं आणि औषध संपलं की आजार संपला असा समज देऊन आले.

परतताना क्लिनिकच्या आपा फार शांतपणे एक वाक्य बोलल्या. "तुम्ही मला नावांची यादी दिली असती, तर मी घरोघर जाऊन बघितलं असतं." त्यांनी आवाजही चढवला नाही. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मित्रांनो, मग आपण जायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. ज्या देशाला आपण सहज 'गरीब देश' म्हणतो, त्याच देशानं बाहेरून येणाऱ्या मदतीला काय आकार द्यावा, हे जगाला दाखवलेलं आहे. त्याची दोन उदाहरणं सांगते.

पहिलं ओआरएसचं. जुलाबात शरीरातलं पाणी जातं, माणूस त्यानं मरतो. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात पाण्यातून दिलं तर आतडं ते शोषून घेतं, हे कॉलऱ्याच्या पेशंटवर १९६८ मध्ये ढाक्यातल्या संशोधन केंद्रानं दाखवलं. १९७१ च्या युद्धात साधारण एक कोटी निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. तिथं काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ-सोडा-ग्लुकोजच्या पुड्या करून, पिंपात पाणी कालवून, पेशंटच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ते चार टक्क्यांच्या खाली आलं. बघा, त्यांनी उपचार आपल्या हातात ठेवला नाही. आईच्या, बहिणीच्या हातात दिला.

पुढे १९८० मध्ये ब्रॅक या बांगलादेशी संस्थेनं हेच घरोघर नेलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. खेड्यापाड्यात फिरणाऱ्या बायकांनी दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरांत आयांना हे शिकवलं. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्या शिकवणाऱ्या बायकांचा मोबदला. किती घरं केली यावर तो नव्हता. काही दिवसांनी दुसरं माणूस जाऊन आईला विचारायचं, "सांगा, कसं करायचं?" तिला जितकं आठवलं, जितकं नीट जमलं, त्यावर पैसे मिळायचे. आमच्या शिबिराला हा नियम लावला असता तर त्या सर्टिफिकेटवर काय लिहावं लागलं असतं?

दुसरं उदाहरण डॉ. जफरुल्ला चौधुरी यांचं. २०२३ मध्ये ते गेले. १९७१ मध्ये ते लंडनमध्ये एफआरसीएसची तयारी करत होते. परीक्षा सोडून आले आणि सहकाऱ्यांबरोबर त्रिपुरात बांबूचं ४८० खाटांचं युद्धकालीन रुग्णालय उभं केलं. नर्सेस नव्हत्या, तेव्हा स्वयंसेवक म्हणून आलेल्या तरुण मुलींना शिकवून तयार केलं. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये ढाक्याजवळ सावरला गणस्वास्थ्य केंद्र सुरू केलं आणि गावातल्या मुलींना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका केलं. त्या सायकलवरून गावोगाव जायच्या. तुम्ही म्हणाल, मग तुमच्या वर्गमित्रानं गळू कापलं तर बिघडलं कुठं? फरक असा की त्या मुलींना आधी शिकवलं जायचं, शिकवणारा शेजारी असायचा आणि दुसऱ्या दिवशी जखम बघायला त्याच यायच्या. आमचा मित्र दुसऱ्या दिवशी नावेत बसून गेला होता.

आणि लांब कशाला, आमच्या मिरजेचंच बघा. आज कर्नाटकापर्यंतचे पेशंट उपचाराला मिरजेत येतात. त्याची सुरुवात एका परदेशी 'मेडिकल मिशन'मधूनच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस इथं आले. ख्रिस्ती मिशनरी होते ते, धर्मप्रचार हाही त्यांचा हेतू होता. त्यावर वाद घालता येईल. पण तो माणूस जवळजवळ चाळीस वर्षं या भागात राहिला. मिरजेत वैद्यकीय शिक्षण, नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. इथल्या मुला-मुलींच्या हाती काम आलं, म्हणून ते गेल्यावरही दवाखाने चालू राहिले, वाढले. दोन दिवसांचा कॅम्प करून ते परत गेले असते तर आज त्यांच्या नावाची वानलेसवाडी असती का?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही तसेच. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. तिथं ते चिनी भाषा शिकले, चिनी विद्यार्थ्यांना शिकवलं आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. आपण सगळे कोटणीस होणार नाही. पण भाषा शिकायला आणि शिकवून यायला हुतात्मा व्हावं लागत नाही.

आता आम्ही पुढं काय केलं ते सांगते. फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही परत गेलो. या वेळी तारीख क्लिनिकच्या आपांनी ठरवली आणि मधल्या खुर्चीवर त्याच बसल्या. बॅनर, टी-शर्ट आणि जेवणावळीचे पैसे वाचवले, त्यांतून रक्तदाबाच्या तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या. तेवढ्या वेळात सरकारी दवाखान्यात नाव लागेल अशी व्यवस्था आपांनी आधीच बोलून ठेवली होती. माणसं कमी तपासली, पहिल्या वेळेच्या चौथाईसुद्धा नाहीत. प्रत्येकाला औषध दिल्यावर आम्ही विचारायचो, "आता तुम्ही मला सांगा, कसं घेणार?" निम्म्या लोकांचं उत्तर चुकायचं. मग पुन्हा सांगायचं. "शारा जीबोन खेते होबे," आयुष्यभर घ्यावं लागेल, हे वाक्य मी त्या दोन दिवसांत शेकडो वेळा म्हटलं असेल. आणि एक वही केली. बंगालीत नाव, कुणाची कोण, कुठल्या चरावर, रक्तदाब किती, गोळी कुठली, कधी संपणार. वही आपांच्या हातात दिली, तिची एक प्रत उपजिल्ह्याच्या दवाखान्यात.

महिन्याभरात करोना आला. कॉलेज बंद झालं, आम्ही परदेशी विद्यार्थी आपापल्या घरी निघालो. चरावर मी परत जाऊ शकले नाही. वर्षाअखेरीस आपांचा फोन लागला. म्हणाल्या, वहीतल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या गोळ्या चालू आहेत. काही जण पावसाळ्यात घर हलवून गेले, त्यांचा पत्ता नाही. दोघे वारले. खालाही गेल्या.

तुम्ही जाणार असाल, तर माझ्या चुकांतून निघालेल्या काही गोष्टी लक्षात ठेवा.

आपल्याला बोलावलंय कुणी, हे आधी विचारा. तिथल्या आरोग्यसेविकेला, सरकारी दवाखान्याला माहीत नसेल, तर तुम्ही पाहुणे नाही, घुसखोर आहात.

इथं जे करायची तुम्हाला परवानगी नाही, ते तिथं करू नका. विद्यार्थ्याला कामाची कमी नसते. रक्तदाब नीट मोजा. मुलांची वजनं घ्या, दंडाचा घेर मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण आहे, त्याला लगेच पुढं पाठवायचं. नजर तपासा, ओआरएस करून दाखवा, नोंदी लिहा. फार्मसीच्या मुलांनी औषधांच्या मुदती बघाव्यात. दान आलेलं औषध पोचताना त्याची मुदत निदान वर्षभर शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात म्हटलंय. आपल्या घरचा उरलेला साठा म्हणजे दान नव्हे.

भाषा शिका. निदान शंभर वाक्यं. ती तिथल्या माणसासमोर म्हणून बघा आणि त्याला हसू द्या.

फोटोबद्दल एवढंच सांगते. दान शेजारच्या हातालाही कळू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. पेशंटचं शरीर, त्याचा आजार, त्याचा चेहरा ही आपल्याकडे अमानत असते. तुमच्या अम्मीचा आजारपणातला फोटो कुणी न विचारता जगासमोर टाकला तर चालेल का? खालांचा तो फोटो मी काढून टाकला. पण तो किती फोनमध्ये गेला असेल, ते आता माझ्या हातात नाही.

आणि नियत साफ ठेवा, म्हणजे स्वतःशी खरं बोला. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण यांचा हिशेब करा. तेवढ्या पैशांत तिथल्या एखाद्या आरोग्यसेविकेचे काही महिन्यांचे पगार निघत असतील, तर 'मी द्यायला चाललोय' असं म्हणू नका. 'मी शिकायला चाललोय' म्हणा. शिकायला जाणं वाईट नाही. शिकायला गेलेला माणूस विचारतो, ऐकतो, कमी हात घालतो.

मी सध्या जत तालुक्यात एका छोट्या सरकारी दवाखान्यात आहे. तिथल्या कित्येक गावांत कन्नड बोलतात. मला येत नव्हतं, आता मोडकंतोडकं येतं. आमच्या टेबलावर एक वही आहे. औषध देऊन झालं की मी पेशंटला विचारते, "आता तुम्ही सांगा, किती दिवस घ्यायचं?" कुणी 'चौदा दिवस' म्हणालं, की मी पेन खाली ठेवते आणि पहिल्यापासून सांगायला लागते.

तुम्ही जरूर जा. जाताना एक वही घेऊन जा आणि येताना ती तिथंच ठेवून या.